वरच्या दोन खोल्या

डिंगोऱ्यात आमच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत आम्ही सात जण राहायचो. वडील मास्तर होते. मी दहावीत असताना ते मला घेऊन जुन्नरला भाड्याचं मोठं घर बघायला गेले. घरमालकानं खोल्या, विहीर, मोरी, सगळं हौसेनं दाखवलं आणि शेवटी आडनाव विचारलं. वडिलांनी सांगितलं.

"अरेरे, कालच दुसऱ्याला शब्द दिलाय राव," म्हणत त्यानं आमच्यासमोर दाराला कुलूप लावलं.

त्या उन्हाळ्यात वडिलांनी आमच्याच घराचे पत्रे उतरवले, स्लॅब टाकला आणि वर दोन खोल्या चढवल्या. विटा आम्ही भावंडांनी वाहिल्या.

वर्षभरानं तोच माणूस शाळेच्या दाखल्याचं काम घेऊन घरी आला. नवं बांधकाम बघून म्हणाला, "बरं केलंत गुरुजी. आपल्या माणसांत राहिलेलं लई चांगलं."

माझं डोकं फिरलं. "आमाला हितं तुमीच ठेवलंय! कुलूप विसरलात का?" मी ओरडले.

वडिलांनी मात्र मला माफी मागायला लावली, "घरी आलेल्या माणसाशी असं बोलायचं न्हाई," म्हणून. मी दातओठ खात माफी मागितली. तो राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला जास्त वडिलांवरच आहे.