सबनीस सरांची कोथिंबीर

सबनीस सरांच्या ऑफिसात शिरलं की आधी त्यांचे पाय दिसत. पामर्स्टन नॉर्थच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही त्यांत जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, आणि ते पाय हीटरला टेकलेले. "किया ओरा, बस. नमस्कार नको, पाय धुतलेले नाहीत," हे त्यांचं स्वागत. युनिव्हर्सिटीत ते गणित शिकवत, आणि कुणी कुठला कोर्स कधी घ्यावा हेही ठरवून देत.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी त्यांच्याकडे गेले. हे वर्ष संपलं की मला काही वर्षांसाठी तिथल्या सैन्यात जायचं होतं आणि डिग्री परत आल्यावर पुरी करायची होती. माझी आई तिथल्या हॉस्पिटलात नर्स. तिने घरी आकाशपाताळ एक केलं होतं, आणि आता ऑफिसातही ती सोबत आली होती.

"सर, एकदा शिक्षण सुटलं की सुटतंच हो. ही काही परत वर्गात बसायची नाही."

"बसेल. माझा शब्द," सर म्हणाले, आणि भाजी निवडायला बसावं तसे माझे विषय निवडू लागले.

त्यांच्या लेखी गणिताचे दोनच प्रकार. "लिनिअर अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स म्हणजे लोणचं. दोन वर्षं बरणीत पडलं तरी खाता येतं. अ‍ॅनॅलिसिस म्हणजे कोथिंबीर. अर्धी आत्ता घेतलीस, तर परत येईपर्यंत तिचा काळा चिखल होईल." म्हणून लोणचं आधी, कोथिंबीर नंतर. इथवर ठीक होतं. पण त्यांनी नंबर थिअरीही नंतरच ठेवली. माझा जीव की प्राण असलेला तो एकच विषय!

"सर, हे तर लोणचंच आहे की!"

"इथे जनरल कोण आहे?" असं म्हणत त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. म्हाताऱ्याचं डोकंही थंडीने गोठलंय, असं माझं ठाम मत झालं.

सैन्यात मी मस्त रमले. चिखलात लोळायला लावत, पण कुणी सिद्धता मागत नसे. मुदत संपत आली तेव्हा इथेच राहावं असं वाटू लागलं. सरांना फोन केला.

"स्वीट अ‍ॅज, काही हरकत नाही," ते म्हणाले. "राहा की. हीप्स, ढीगभर लोक राहतात. मी यंदा नंबर थिअरी शिकवणार, मग निवृत्त. बाकी आई बरी आहे ना?"

मी जाम चिडले. आठवडाभर चिडून राहिले, आणि मग परत आले.

नंबर थिअरीच्या पहिल्या तासानंतर मी त्यांना गाठलं. "सर, लोणचंच होतं ना ते?"

"अर्थात! पण गोड आधी वाढलं की पोरं पानावरून उठतात. आणि तुझ्या आईला शब्द देऊन बसलो होतो."

त्याच हिवाळ्यात सर अचानक गेले. शवपेटीत त्यांच्या पायांत कुणीतरी चकचकीत काळे बूट घातले होते. ते बघून मला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. शेजारी आईही रडत होती.

माझं अ‍ॅनॅलिसिस तेवढं उरलं होतं. ते मला तेव्हा आवडत नव्हतं, आजही आवडत नाही. गोड संपलं होतं, वाढणारे सर नव्हते, आणि आता पानावरून उठले असते तरी कुणी अडवलं नसतं. मी बसून राहिले आणि ती कोथिंबीर संपवली.