शेषरावच्या पोरीचा शब्द

बाबा गेल्यानंतरच्या जलदानविधीला विहारात उन्नतीनं माईक हातात घेतला, तिथंच ती फसली.

तिचे बाबा शेषराव, भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीपाशी उभा जन्म भाजून गेले. माणूस गेला की घरच्यांपैकी एकानं उठून विचारायचं, "यांच्याकडे कोणाचं काही राहिलं काय?" असा वस्तीचा रिवाज. लोक माना खाली घालतात, जेवणं होतात, विषय संपतो. उन्नतीनं मात्र भावनेच्या भरात पुढचं वाक्य जोडलं, "असेल तर मी फेडीन."

माना वर झाल्या. सगळ्यात आधी किराणावाल्या नरेशभाऊंची.

बाबांच्या मागे उरलं काय? क्वार्टर कंपनीचं, तेही रिकामं करून द्यायचं. फंड डायलिसिसनं खाल्ला. उन्नतीचा स्वतःचा तेवढा कुरुदचा प्लॉट. दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडफाडून घेतलेला.

"पागल है क्या?" वकील मैत्रीण गीतांजली उखडली. "बापाचं जे उरलं, त्यातूनच देणं फिटते. उरलंच नाई, तर तू मोकळी. तुझ्या प्लॉटले कोणी हात नाई लावू शकत."

"अन् मी बोलली त्याचं?"

"विहारात बोलली, कोर्टात नाई. फक्त खिशातून कोणाले देऊ नको. एकाले देलं का सगळे दारात!"

घरी आई, कमलाबाई, टपूनच बसलेली. "कोर्टाचं मले नको सांगू. दर रविवारी त्याच सतरंजीवर बसाचं हाये मले."

उन्नती नरेशभाऊंचं दुकान टाळून मागच्या गल्लीनं कामावर जाऊ लागली. आणि एका संध्याकाळी बाबांचे कारखान्यातले जोडीदार बाबाराव आले. बाबांच्या आजारपणात त्यांनीच उसने पैसे दिले होते.

"मागाले नाई आलो, पोरी. सहज आलो." तिनं दिलेलं पाणी पिताना खोकल्यानं अर्धं सदऱ्यावर सांडलं.

"काका, डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते फोटो काढा छातीचा. मी म्हटलं, कशाले? मी काय हिरो हाओ?"

हसता हसता ते वाकले, भिंतीला टेकले. उन्नती उठली. नुकतीच लागलेली भिशी तिनं त्यांच्या हातात कोंबली. "कोणाले सांगू नका."

पण बाबाराव जुने माणूस. चांगलं काम झाकून ठेवणं त्यांना पाप वाटे. रविवारी विहारात वंदना संपताच उभे राहिले. "ऐका होऽ! शेषरावच्या पोरीनं माझे पैसे देले. शब्द पाळला!"

टाळ्या पडल्या. कमलाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

नरेशभाऊ सरकत उन्नतीजवळ आले. "मग बेटा, आमचं कवा?"

तिनं आईकडे पाहिलं. आई अभिमानानं मान हलवत होती.

"कुरुदच्या प्लॉटले गिऱ्हाईक असेल तर पाहा, भाऊ."

"पाहाचं काय त्यात? मीच घेतो."

"अन् भाव?"

"घरचीच तं तू," नरेशभाऊ म्हणाले, "भावाचं काय, मी सांगतो ना."