विंगेतला आवाज

इंदूरच्या मराठी मंडळांत आता नाटकं कमी आणि एकपात्री प्रयोग जास्त होतात. काहींना ही कलेची प्रगती वाटते. कसली प्रगती? मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली. जी इथं राहिली, त्यांना चार वाक्यं सलग मराठीत बोलायला लावली की घाम फुटतो. पात्रं मिळत नाहीत, म्हणून एक जण उभा राहतो आणि सगळ्यांची कामं करतो. तसा हा प्रकार जुनाच. कीर्तनकार एका उपरण्यावर राजा, राणी आणि द्वारपाल उभे करायचा. पण त्यानं ते हौसेनं केलं, मी नाइलाजानं.

मी आणि बायको दर गणपतीत मंडळात एक नाटुकलं करायचो. मी नवरा, खुर्चीत बसून जगावर करवादणारा. ती स्वयंपाकघरात, म्हणजे विंगेत. लोकांना ती शेवटपर्यंत दिसायचीच नाही, नुसता आवाज. हशा मात्र सगळा तिला. मी अर्धं पान बोलावं आणि तिनं आतून "मग?" एवढंच म्हणावं, की लोक पोट धरून हसायचे. मला याचा राग यायचा आणि घरी परतताना अभिमानही वाटायचा.

ती गेल्यावर मी मंडळाकडे फिरकलो नाही. यंदा मंडळाचे तरुण सेक्रेटरी सुदामा नगरातल्या माझ्या घरी आले. "काकाजी, तुमचं ते नाटक एकट्यानंच करून टाका ना," म्हणाले. "आतला आवाज तो कोई भी दे देगी."

कोणीही? मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण ते गेल्यावर वाटलं, करावं. कोणाचाही आवाज न घेता.

एकपात्रीत समोरच्याचं बोलणं कळवायची एक ठरलेली युक्ती आहे. "काय म्हणालीस? साखर संपली?" असं आपणच विचारायचं. मला ती कधी आवडली नाही. मी ठरवलं, तिच्या वाक्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. तिला बोलायला लागायचा तेवढा वेळ थांबायचं आणि पुढं जायचं. घरी तालमी सुरू केल्या. त्या जागांमध्ये ती मला स्वच्छ ऐकू यायची, तिच्या त्या किंचित चिडवणाऱ्या सुरासकट. मग मी सकाळी उठल्या उठल्या खुर्ची ओढून बसू लागलो. प्रयोग हे निमित्त होतं. मला ती ऐकू येत राहायला हवी होती.

प्रयोगाला सभागृह भरलं. पहिली रिकामी जागा आली, मी थांबलो. पुढच्या रांगेतून तिची भजनी मंडळातली मैत्रीण हळूच म्हणाली, "मग?" मैत्रिणीला वाटलं, मी अडकलो. इतकी वर्षं पाहून नाटक सगळ्यांना पाठ. लोक हसले. पुढच्या जागेला चार-पाच बायका बोलल्या, त्यापुढच्या जागेला अख्खी रांग. सगळं प्रेमानंच. कोणी तिच्यासारखं ताणून म्हणत होतं, कोणी हिंदीची फोडणी देऊन. हशा वाढत होता आणि मला ती कुठंच सापडेना.

मी खुर्चीतून उठलो, हात जोडले आणि म्हणालो, "तुम्ही नका बोलू. तिला बोलू द्या."

सगळे गप्प झाले. पंखे तेवढे चालू होते. मी मागचं वाक्य पुन्हा घेतलं, विंगेकडे मान वळवली आणि थांबलो. तिला लागायचा त्याहून जास्त वेळ थांबलो. घरी एकटा असताना ती बोलायची. इथं माझ्याबरोबर एवढी माणसं कान देऊन बसली होती आणि आतून काहीच आलं नाही.

नाटकात माझं पुढचं वाक्य होतं, "बरं बाई, तू म्हणशील तसं." ते मी म्हटलं.