रुमालाखालचं डॉट कॉम

आमचे बदलापूरचे काका, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान, मनात आणलं असतं तर हवासुद्धा विकू शकले असते. पण हवेत त्यांना रस नव्हता, कारण हवेला सातबारा नसतो. ते डोमेन नावं विकायचे. इंटरनेटवर दुकान टाकायचं तर वर पाटी लागते, अमुकतमुक डॉट कॉम अशी. ती पाटी वर्षाची फी भरून आधीच आपल्या नावावर करून ठेवायची आणि गरजू माणूस गाठून त्याला चढ्या भावाने द्यायची, हा धंदा. आमच्या नात्यात तेव्हा ईमेल म्हणजे लग्नपत्रिकेत शोभेला छापायची गोष्ट होती, आणि काका बेलवलीच्या सायबर कॅफेत बसून जगाची जमीन मोजत होते.

त्याआधी काका अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते. कारखाना बंद पडला, हातात थोडे पैसे आले आणि काका रिकामे झाले. त्याच उन्हाळ्यात माझा बारावीचा निकाल बघायला ते मला सायबर कॅफेत घेऊन गेले. निकालाचं पान काही उघडेना. तेवढ्या वेळात कॅफेवाल्याने सहज म्हणून डोमेनची भानगड समजावली. माझे पंचावन्न टक्के आले आणि आयुष्य काकांचं बदललं. "म्हणजे प्लॉटच की हो," एवढंच ते म्हणाले. मी निकालाकडे बघून रडकुंडीला आलो होतो आणि हे शेजारी बसून पहिलं नाव बुक करत होते.

प्लॉट म्हटला की काकांची रीत ठरलेली. नाव कोणाच्या मालकीचं आहे हे इंटरनेटवर बघता येतं. त्या पानाचे ते प्रिंट काढायचे, लॅमिनेट करायचे आणि त्याला सातबारा म्हणायचे. फायलीत अशा पंधरा-वीस सातबाऱ्यांची चळत. गिऱ्हाईक आलं की त्याला 'साइट दाखवायला' कॅफेत न्यायचे, खुर्चीत बसवायचे आणि नाव टाइप करायचे. नावावर काहीच नसल्यामुळे पडद्यावर पांढरं पान यायचं, हे पान दाखवता येत नाही असं इंग्रजीत लिहिलेलं. दुसरा कोणी ओशाळला असता. काका मान डोलवायचे. "बघा. मोकळा प्लॉट. झाड नाय, झोपडी नाय, एक इंच अतिक्रमण नाय." अंबरनाथचा एक मंडप डेकोरेटर तर त्या पांढऱ्या पानाकडे इतका वेळ बघत बसला की काकांनी त्याला पूर्व दिशा कुठली तेही सांगून टाकलं.

तत्त्वाचे मात्र पक्के. कोणाच्या दुकानाचं नाव ते कधी बुक करायचे नाहीत. शिवमंदिराच्या रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंच्या पाट्या मोठ्याने वाचत जायचे, पण वहीत टिपायचे ते फक्त वस्तूंची नावं. मंडप, मूर्त्या, पापड, लोखंडी कपाटं. मी एकदा सुचवलं की काका, अमक्या शेठच्या दुकानाचंच नाव घेऊन ठेवू, झक मारत विकत घेईल. काका जागच्या जागी थांबले. "दुसऱ्याच्या दाराची पाटी आपण उचलायची नाय," म्हणाले, आणि पुढे शिवमंदिर येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पण खरी मजा सौद्याची. काकांचे वडील बैलांचे जाणकार होते, म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरायची. दोन बोटं धरली की दोन, चार धरली की चार. शेकडा की हजार तेवढंच तोंडाने सांगायचं. आजूबाजूच्या बघ्यांना काही कळत नाही. यात एक खूण क्वचितच वापरली जाई. बोट न धरता अख्खा तळवा तळव्यावर ठेवला की समजायचं, भाव नाही, तसाच घेऊन जा. काकांच्या वडिलांनी आयुष्यात एकदाच तळवा ठेवला होता, बैल मेलेल्या एका शेजाऱ्यासाठी. काकांनी हीच पद्धत इंटरनेटला लावली. खिशात मावशीने शिवलेला पिवळा रुमाल कायम. अंबरनाथ एमआयडीसीतला टाय घातलेला एक मॅनेजर ईमेलवर आकडा पाठवा म्हणाला, तर काका दोन बस बदलून त्याच्या केबिनमध्ये हजर, आणि टेबलावर रुमाल पसरून म्हणाले, "द्या हात." त्याने घाबरून दिला. शिपाई चहा घेऊन आत आला आणि दोघांचे हात बघून तसाच मागे गेला. सौदा झाला, पण मॅनेजर नंतर कितीतरी दिवस काकांचा फोन बायकोसमोर घ्यायचा नाही असं ऐकलं.

विकलं म्हणून काकांचा जीव सुटायचा नाही. दर शनिवारी कॅफेत जाऊन विकलेली सगळी नावं उघडून बघायचे. काम सुरू केलं का, दार लावलं का, दिवा लागला का. त्या काळी अर्धवट साइटवर हेल्मेट घातलेला एक चिमुकला माणूस फावडं मारताना दिसायचा, काम चालू आहे अशा अर्थाने. मंडपवाल्याच्या साइटवर तो माणूस चार महिने होता. काकांनी फोन लावला. "शेठ, तो तुमचा गडी अजून खोदतोय. पाणी लागलं का?" सौदा पुरा व्हायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचा एक प्रश्न असायचाच, "कधी सुरू करणार?" मला तो भोळेपणा वाटायचा. लग्नकार्यात मी काकांची नक्कल करायचो ती याच प्रश्नाने सुरू व्हायची, आणि काका पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने हसायचे.

माझ्या या नकलांचाच काकांनी धंद्यात उपयोग केला. सौदा अडला की मी बाहेरून फोन करायचा आणि दुसरी पार्टी व्हायचं. मी दिल्लीचा लालाजी झालो, सुरतचा कापडवाला झालो, एकदा तर एका आजीबाई संचालिकेचा आवाज काढला. कमिशन म्हणून मिसळ. वर काकांचा शेरा, "सुरतवाला आज जरा कल्याणचा वाटला."

असं चार वर्षं चाललं. नावं विकली जायची, पण मोजकी, आणि त्यातून आलेले पैसे उरलेल्या नावांच्या वर्षाच्या फीमध्येच जायचे. मावशी काही भांडखोर नव्हे. तिने एका श्रावणात शांतपणे सांगितलं की खरवईच्या नव्या सोसायटीत सुपरवायझर पाहिजे, ती बोलून आलेली आहे, आणि दसऱ्यापर्यंत मोठा सौदा झाला तर यांनी खुशाल धंदा करावा, नाही झाला तर सोमवारपासून खरवई. काकांनी सातबाऱ्यांची फाईल मिटली. कारण ती सोसायटी जिथे उभी होती ते काकांचं वडिलोपार्जित शेत. भावाभावांत वाटणी होऊन ते बिल्डरला गेलं, वर सात मजले चढले, आणि फ्लॅट घेतले ते बहुतेक मुंबईच्या लोकांनी, भाव वाढला की विकू म्हणून. अर्ध्याहून जास्त दारांना पहिल्या दिवसापासून कुलूप. काका त्या रस्त्यानेच जायचे नाहीत. रिक्षावाल्याला लांबून वळसा घालायला लावून वरचे पाच रुपये द्यायचे.

आता सगळी भिस्त एका नावावर होती. बदलापूरजांभूळ डॉट कॉम. काकांचं सगळ्यात लाडकं. त्या शेताच्या बांधावर जांभळाची दोन झाडं होती. काकांची आई जूनमध्ये पानांच्या द्रोणात जांभळं भरून स्टेशनबाहेर विकायला बसायची, त्यावर काकांची शाळा झाली. हे नाव त्यांनी कोणाला दाखवायलाही काढलं नव्हतं. दसरा जवळ आला तसा त्या सातबाऱ्यावरची धूळ त्यांनी पुसली आणि आम्ही दोघं उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात गेलो. तिथे सरबतं बनवणारे एक सिंधी शेठ होते. इंटरनेटवर मालक शोधून नावाबद्दल त्यांनीच निरोप धाडला होता.

ठरल्याप्रमाणे काका वरच्या मजल्यावर शेठच्या गादीवर गेले आणि मी समोरच्या एसटीडी बूथमध्ये बंगलोरची पार्टी होऊन बसलो. दहा मिनिटांनी काकांच्या मोबाइलवर फोन लावला आणि नाकातून भारदस्त इंग्रजी सुरू केलं. शेठ म्हणाले, मला द्या, मी बोलतो. त्यांनी अगदी आदराने बंगलोरची हवा विचारली. मी म्हटलं, प्लेझंट. तेवढ्यात रस्त्यावरून कुल्फीवाला घंटा वाजवत गेला. ती घंटा शेठना एका कानाने फोनमधून ऐकू आली आणि दुसऱ्या कानाने खिडकीतून. शेठ उठून खिडकीत आले, खाली बूथकडे बघितलं आणि फोनमध्येच म्हणाले, "बंगलोर साब, ऊपर आ जाओ. शरबत ठंडा है."

मी मान खाली घालून वर गेलो. मला वाटलं, संपलं सगळं. पण शेठ रागावले नव्हते, उलट मला लालाजी करून दाखवायला लावला आणि पोट धरून हसले. काकांनी रुमाल काढला तेव्हा तर त्यांचा चेहराच खुलला. आमचे आजोबा सिंधमध्ये असाच सौदा करायचे, म्हणाले, आणि बाह्या सरसावून बसले. "दहा-दहा हजाराचं बोट," काकांनी तोंडाने सांगितलं. मग रुमाल पडला. मला फक्त चेहरे दिसत होते. शेठ छताच्या पंख्याकडे बघत होते, काका सरबताच्या बाटल्यांकडे. पिवळा रुमाल उंदीर शिरल्यासारखा हलत होता, थांबत होता. दोनदा काकांनी नकार म्हणून मान हलवली, एकदा शेठनी. मग रुमाल स्थिर झाला आणि काकांच्या भुवया वर गेल्या. त्या भुवया मी ओळखत होतो. चार बोटं, म्हणजे चाळीस हजार. एवढा भाव काकांना आजवर कोणी दिला नव्हता. मावशीचा दसरा जिंकला, खरवई टळली, असं मी मनात म्हणतोय तोच काकांनी सवयीने विचारलं, "तो शेठ, शुरू कब करेंगे?"

"शुरू क्या करना है, साईं," शेठ सरळपणे म्हणाले. "मेरा ब्रँड तो चल रहा है. ये बस ताला लगाके रखूंगा. दूसरा कोई ले न ले, इतना ही."

यात शेठचं काहीच चुकलं नव्हतं. धंद्यात असंच करतात. मी तर शेक हँडसाठी हातही पुसले. पण रुमाल हलला नाही. काका त्याच्याकडे बघत राहिले, जणू खाली कोणाचा हात आहे ते आठवत नव्हतं.

"शेठ," ते म्हणाले, "जांभूळ है. ताले में सड़ जायेगा."

आणि त्यांनी हात काढून घेतला. शेठनी हसत रुमालाशिवायच पाची बोटं दाखवली. काकांनी रुमाल झटकला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. शेठनी स्वतःच्या हाताने ग्लास भरला. "तू धंदे का आदमी नहीं है, साईं," म्हणाले. "पी ले."

परत येताना मी काकांना खूप बोललो. लालाजीच्या आवाजात बोललो, माझ्या आवाजात बोललो. काकांनी फक्त रिक्षावाल्याला सांगितलं, खरवईवरून घे. चार वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळ होत होती, सात मजली इमारतीत मोजून सहा खिडक्यांत दिवे होते. काकांनी ते बोटाने एकेक मोजले. घरी मावशी दारातच उभी होती. तिने काही विचारायच्या आत काका चप्पल काढत म्हणाले, "सोमवारी डबा दे."

मावशीने दारातून बाजूला होऊन वाट दिली. मग म्हणाली, "चपात्या तीन की चार?"

सुपरवायझर म्हणूनही काका काही साधे नव्हते. मालकांना फोन करून करून त्यांनी बंद फ्लॅटच्या किल्ल्या मागवून घेतल्या, आणि दर रविवारी सगळी दारं-खिडक्या उघडून वारं खेळवायचे. बी विंगची लिफ्ट म्हणजे आमची विहीर, असं नव्या भाडेकरूंना सांगायचे, त्यामुळे दोन कुटुंबं जिन्याने जायला लागली. मुंबईच्या एका मालकाला त्यांनी इतक्या वेळा "कधी राहायला येणार?" विचारलं की तो वैतागून खरंच राहायला आला.

मला नोकरी लागली तेव्हा पेढे द्यायला मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. काकांनी पेढा खाल्ला, ड्रॉवरमधून जांभळाचा सातबारा काढून टेबलावर ठेवला आणि खिशातून पिवळा रुमाल काढला. मला वाटलं, मस्करी. मी एमआयडीसीच्या मॅनेजरसारखा घाबरून हात पुढे केला. रुमाल पडला. मी बोटांची वाट बघत होतो. चार धरतील, की भाचा म्हणून एक. लेथवर तीस वर्षं घासलेला तो खडबडीत तळवा सपाट येऊन माझ्या तळव्यावर टेकला आणि तिथेच राहिला.

"कधी सुरू करणार?" काकांनी विचारलं.

इतकी वर्षं ज्या वाक्याची मी नक्कल केली, त्याचं उत्तर मला कधी द्यावं लागलं नव्हतं. मी म्हटलं, "ह्या जूनला, काका."

जूनपर्यंत हेल्मेटवाला गडी खोदत होता आणि दर शनिवारी मला फोन येत होता, पाणी लागलं का म्हणून. मग मी एक साधं पान टाकलं. बदलापूरची जांभळं, खरवईच्या सोसायटीच्या गेटबाहेर, सकाळी, संपेपर्यंत. गेटबाहेर गावातल्या तिघी बायका टोपल्या घेऊन बसतात, काकांनीच त्यांना सावलीची जागा दिली होती. पंधरा दिवस पान बघून कोणी आलं नाही. आणि एका रविवारी मी अजून अंथरुणात असताना फोन वाजला. मागे कुठेतरी खिडक्या उघडल्याचे आवाज येत होते. डोंबिवलीचा कोणी एक माणूस, काका सांगत होते, माझ्या पानाचं प्रिंट हातात घेऊन गेटवर उभा आहे आणि विचारतोय, जांभळं इथेच का.

"मग काय सांगितलंत?" मी म्हटलं.

फोनमध्ये टोपली पुढे ओढल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "भाचेबुवा, थांब जरा. त्याला द्रोण भरून देतो."