परिषदेतलं गाऱ्हाणं

एसटी घाट उतरून वैभववाडीला टेकली तरी मी मांडीवरचा निबंध पुन्हा पुन्हा चाळत होते. मालवणात स्वायत्त मज्जासंस्थेची आंतरराष्ट्रीय परिषद होती. आपल्याला न विचारता हृदय नि पोट चालवते ती ही मज्जासंस्था. माझं म्हणणं साधं होतं: गाऱ्हाणं (सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं) घालणारा माणूस लांब श्वासावर बोलतो, म्हणून त्याच्या हृदयाचे ठोके संथ होतात. पाच वर्षं देवळोदेवळी हिंडून मी ते मोजलं होतं. पण परिषदेची अट होती, सभागृहात करून दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्या.

मालवणच्या अलीकडे कट्टा गावाला, करून दाखवायला मी बोलावलेले तात्या गाडीत चढले. गावाचं गाऱ्हाणं तेच घालतात. वय सत्तरीपुढे, आवाज विशीतला. वाटेभर ते मला भातशेतीचं सांगत होते, मी नुसती हूं हूं करत होते.

संध्याकाळी रंगीत तालीम झाली. छातीला पट्टा बांधून तात्या कसंबसं पुटपुटले आणि पडद्यावरचे ठोके उतरायचे सोडून चढले! अध्यक्ष असलेल्या जपानी बाई गोड हसल्या. ते हसू मला फार लागलं.

जेवताना माझी कोल्हापुरी जीभ सुटली. तात्यांना नको ते बोलले. त्यांनी बांगड्याचा काटा शांतपणे बाजूला काढला.

"नारळ नाय, मागणा नाय, आणि गाऱ्हाणा घालू? देवाचो खेळ करतस काय गो?"

देवळात नारळ आयताच असायचा. सभागृहातही तो लागेल, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्यांची माफी मागितली.

सकाळी बाजारातून नारळ आणला. मंचावर तात्यांनी विचारलं, मागणं कोणाचं? माझंच, म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

"देवा म्हाराजा, ह्या चेडवान (मुलीने) पाच वर्सा मेहनत केल्यान, तेका यश दी रे म्हाराजा!"

मागच्या रांगेतून इथलेच स्वयंपाकी नि वाढपी होकार देत गरजले, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या खेपेला निम्मं सभागृह, तिसऱ्या खेपेला जपानी बाईसुद्धा. पडद्यावरची रेघ ओहोटीसारखी उतरत गेली. टाळ्या थांबेनात. निबंध स्वीकारल्याचं बाईंनी तिथेच जाहीर केलं आणि जेवताना सोलकढीचे तीन पेले रिचवले. मी मात्र गाऱ्हाण्याला एकदाही होकार दिला नव्हता. देवाधर्माचं मला वावडं, आणि डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

परतीच्या गाडीत जिंकून आल्यासारखी ऐटीत बसले होते. कट्ट्याला उतरताना तात्यांनी फोडलेल्या नारळाची वाटी माझ्या ओंजळीत ठेवली.

"मागल्यापरमाणा गावला. आता देवळात फेडूक येवचा लागतला हां."

गाडी हलली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अख्खा बाजार वळून बघेल इतक्या जोरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"