पटावर मांडलेली नोकरी

आमच्या जव्हारच्या घरात कुणाला काही हवं असलं की सासरे बुद्धिबळाचा पट काढायचे. हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी हो म्हणायच्या आधी जरा विचार केला असता. "बस समोर. हरव मला, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोठ्या दिरांना ठाण्याला कंपनीत जायचं होतं, तेव्हा पट निघाला. दीर हरले, वर्षभर घरी बसले, आणि मग एक दिवस बाबांनाच वाटलं म्हणून ठाण्याला गेले. माझ्या नवऱ्याला मोटारसायकल हवी होती. तोही हरला. मोटारसायकल आमच्या दारात कधी आलीच नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणायचो. जामसरच्या भातशेतीतून शिकून वर आलेले, घराण्यातले पहिले मास्तर, हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अंगावर धावून जाणं नाही, शिवी नाही. पण शाळा सुटली तरी त्यांचं मास्तरपण सुटलं नव्हतं, आणि आम्ही सगळे त्यांच्या वर्गातली पोरं होतो.

एकदा मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही दोघं भाऊ एवढे शिकलेले, एकदाही कसे जिंकत नाही?" तो पंचायत समितीत क्लार्क. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "अगं, बाबा हरले ना, की चार दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यापेक्षा आपण हरलेलं बरं."

वा रे वा! म्हणजे मुलं मुद्दाम हरणार, आणि हरलो म्हणून मागायचंही सोडून देणार. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही.

दोन हजार सालच्या आसपास मोठ्या दिरांनी ठाण्याहून बुद्धिबळाचं यंत्र आणलं. बाबांना वेळ जावा म्हणून. काळा प्लास्टिकचा पट, कडेनं बारीक लाल दिवे, खाली बटणं. आपली सोंगटी आधी ती उभी असलेल्या घरावर दाबायची, मग नव्या घरावर दाबायची, की यंत्र 'टुंग' करायचं आणि स्वतःची चाल दिव्यांनी दाखवायचं. त्याची सोंगटी मात्र आपणच हलवायची. आठ लेव्हल होत्या. पहिल्या लेव्हलला ते झटकन उत्तर द्यायचं, आठव्या लेव्हलला म्हणे तासन् तास विचार करायचं. नियमाबाहेरची चाल केली की 'भर्र' असा आवाज काढायचं आणि आपली सोंगटी जागच्या जागी परत ठेवेपर्यंत ऐकायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात बाबांचं आणि यंत्राचं वाजलं. आमच्याकडच्या देशी खेळात राजाला एक उडी असते. डावात एकदाच, आणि तीही त्याला पहिला शह बसायच्या आधी, राजा घोड्यासारखा अडीच घरं उडू शकतो. बाबांनी राजा उडवला. यंत्र म्हणालं, भर्र. त्यांनी पुन्हा दाबला. भर्र. बाबा लाल झाले. "नादुरुस्त माल गळ्यात मारला तुझ्या," असं म्हणून त्यांनी ते खोक्यात भरलं आणि दिरांना खरंच दुरुस्तीला परत न्यायला लावलं. ठाण्याचा दुकानदार हसून हसून बेजार झाला. विलायती नियमात राजाला उडी नसते, हे दिरांनी येऊन चार वेळा समजावलं, तेव्हा कुठे बाबा म्हणाले, "मग त्यांच्या राजात दम नाही."

पुढं त्यांनी यंत्राशी जुळवून घेतलं, म्हणजे पहिली लेव्हल धरली. तिथंही हरायची वेळ आली की 'टेक बॅक'चं बटण. चाल मागे, अजून एक मागे, मग 'हिंट'चं बटण दाबून यंत्रालाच विचारायचं की तुला कसं हरवू. आणि पाहुणे आले की सांगायचं, "मी कॉम्प्युटरला हरवतो." मी चहा देता देता एकदा म्हणाले, "बाबा, ही पहिलीच लेव्हल आहे. अजून सात आहेत." आणि त्यांच्यासमोर बटण दाबून चौथी लावली. ते पाहुण्यांदेखत हरले. त्या दिवशी खरोखरच कुणी नीट जेवलं नाही. मी मात्र जेवले. भाजी झकास झाली होती.

मग माझी ऑर्डर आली. लग्नाआधी मी डी.एड. केलं होतं आणि जिल्हा परिषदेच्या यादीत नाव लागायची वाट बघत होते. शाळा मिळाली मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याला. महिनाअखेरीच्या आत रुजू व्हायचं होतं. डोंगराळ गाव, पावसात एसटीचा भरवसा नाही, म्हणजे आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहणं आलं. नवरा म्हणाला, "मला चालेल, पण बाबांना विचार." मूल अजून नव्हतं, अडायचं काही कारण नव्हतं.

बाबा ऑर्डर वाचून म्हणाले, "बाईमाणूस एकटी पोशेऱ्यात? घरात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. मला शिकवायचंय."

"बरं," ते म्हणाले आणि पट काढायला उठले. मग जरा थांबून म्हणाले, "आज नको. तू अजून शिकाऊ आहेस, उगाच अन्याय नको. दोन आठवडे घे. यंत्रावर सराव कर. जिंकलीस तर जा. हरलीस तर ऑर्डर परत पाठवायची."

आणि मी, डोळ्यांत तेल घालून इतकी वर्षं अभ्यास केलेली बाई, म्हणाले, "ठरलं. शब्द देते." जिंकायची इतकी खुमखुमी होती की आपण काय बोलतोय ते कळलं नाही.

ते दोन आठवडे मी त्या यंत्राशी कामं करता करता खेळले. यंत्राला विचार करायला वेळ लागायचा, तेवढ्यात माझं एक काम उरकायचं. तिसऱ्या लेव्हलला चाल दाबून मी डाळीला फोडणी द्यायचे, परत येईपर्यंत दिवे लागलेले. पाचवीला नळावर कपडे धुऊन यायचे. सहावीला भाकऱ्या थापून व्हायच्या तरी ते बसलंय विचार करत. वीज गेली तरी त्याच्या बॅटरीवर डाव जसाच्या तसा राहायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं ए, नागलीची भाकरी करपली. तुझा वजीर खाणार आहे का कुणी जेवायला?" मुंबईचे पाहुणे आले आणि बाबा त्यांना घेऊन शिरपामाळ दाखवायला गेले, त्या दिवशी तर मी चूल उशिराच पेटवली.

पहिले काही दिवस यंत्रानं मला धुऊन काढलं. पण त्या यंत्राची एक गोष्ट मला फार आवडायची. ते कुणाचं तोंड बघून खेळत नव्हतं. मी सून आहे म्हणून सांभाळून घेतलं नाही, की बाई आहे म्हणून घाबरवलं नाही. चूक केली की मारायचं, नीट खेळलं की हरायचं. आख्ख्या घरात माझ्याशी सरळ वागणारं तेवढं एकच होतं. उगाच शह दिला की सोंगटी जायची, म्हणून उगाच शह द्यायची खोड त्यानं माझी मोडली. 'टेक बॅक'ला मी हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि शेवटी पाचव्या लेव्हलला मी एकापाठोपाठ डाव मारले. नवरा म्हणाला, "तू आता बाबांना खाणार." मलाही तसंच वाटत होतं.

रविवारी सकाळी पट मांडला. लाकडी पट, देशी नियम. नवरा भिंतीला टेकून उभा, सासूबाई दारात मुळ्याची भाजी निवडत. बाबा भरभर खेळत होते, मी सावकाश. तासाभरानं त्यांचा एक उंट पडला, मग प्यादं. मग माझा वजीर आणि हत्ती असे काही जाऊन बसले की पुढच्या चालीला मात. कुठूनही सुटका नाही. मी तीन तीनदा पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. बहुतेक पुढचे चार दिवस त्याला दिसत होते.

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. पटाकडे बघितलं. मग राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला.

"उडी," ते म्हणाले. "शह बसला नव्हता."

अरे देवा! जव्हारच्या कट्ट्यावर खेळणारं पोरसुद्धा आधी एक शह देऊन समोरच्याच्या राजाची उडी मोडून टाकतं. त्यात एखादी सोंगटी गेली तरी चालते. बाबांच्या पटाशेजारी चहा ठेवताना मी ते शंभरदा पाहिलं होतं. पण दोन आठवडे मी ज्याच्याशी खेळत होते त्याच्या राजाला उडीच नव्हती, आणि उगाच शह देऊ नये हे मी त्याच्याकडूनच घोकून घेतलं होतं. राजा हत्तीच्या आड जाऊन बसला, माझा वजीर अडकला, आणि थोड्याच वेळात मी हरले. डाव त्यांनी चोख जिंकला, हे मी आजही सांगते. नियम मला ठाऊक होते. रडीचा डाव मी खेळत नाही.

बाबा खुशीत होते. आवाज इतका मऊ होता की मला त्याचाच जास्त राग आला. "छान खेळलीस. पोरांपेक्षा छान. पण यंत्रापुढं बसून माणूस कळत नाही. आण ती ऑर्डर इकडे, उद्या मीच पोस्टात टाकतो."

ऑर्डर माझ्या ट्रंकेत होती. मी उठले नाही. मला लख्ख दिसत होतं की मी आता उठून ती ऑर्डर दिली तर या घरातून पुन्हा कधीच निघणार नाही. पोशेऱ्याच्या पोरांना मी दिसणार नाही. मी इथंच भाकऱ्या थापत, कुणीतरी 'जा' म्हणायची वाट बघत बसेन, दिरांसारखी. आणि दिरांना वर्षभरानं तरी 'जा' म्हटलं गेलं. माझी जागा वर्षभर थांबणार नव्हती.

"देत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी उद्या रुजू व्हायला जाते."

"शब्द दिला होतास."

"दिला होता, बाबा. मोडते. डाव हरले यात माझी चूक नाही, डाव आहे, कुणीतरी हरणारच. पण माझी नोकरी तुमच्या पटावर मांडू दिली, ते चुकलं. ती सोंगटी नव्हती."

बाबांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पटावरच्या सोंगट्या गोळा करायला घेतल्या. बाबा म्हणाले, "शब्द मोडणारं माणूस या घरात आजवर झालं नाही." मी म्हटलं, "मग आता झालं."

ते उठून आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, आपटलंही नाही. तेच जास्त लागलं.

सकाळी मोखाड्याच्या एसटीची वेळ झाली तरी बाबा बाहेर आले नाहीत. नवऱ्यानं माझी बॅग उचलली आणि स्टँडकडे चालू लागला. त्याच्यापरीनं ते फार होतं. सासूबाईंनी फडक्यात भाकऱ्या आणि सुक्या मासळीची चटणी बांधून दिली. मी पाया पडायला वाकले तर खांदा धरून म्हणाल्या, "माझ्याशी कधी खेळलेच नाहीत हे. मी कधी काही मागितलंच नाही ना." हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मी स्टँडपर्यंत रडत गेले.

त्या आठवड्यात पोशेऱ्याला मी पोरांना अक्षरं कमी आणि धीर जास्त दिला, म्हणजे स्वतःलाच दिला. शनिवारी शाळा अर्धी. दुपारच्या गाडीनं जव्हारला उतरले, आणि घराच्या कोपऱ्यावर येऊन थांबले. दार बंद असलं तर? बंद असलं तर परत फिरायचं, पुढची गाडी आहे, असं मी मनाशी घोकत होते.

दार उघडं होतं. बाबा ओटीवर बसले होते. मी चपला काढल्या. त्यांनी मान वर केली नाही, पण बोलले.

"जिंकून गेली असतीस तर मान राहिला असता."

"जिंकून गेले असते," मी म्हणाले, "तर तुम्ही मला पाठवलं असतं, बाबा. आता माझी मी गेले."