हाडकीसाठी दाबलेला अंगठा

पाटलाच्या थोरल्यानं माझ्या आईचा अंगठा धरला आणि चावडीतल्या मशीनवर दाबला. मशीन लाल झालं. परत दाबला. परत लाल. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून चाळून आईची बोटं गुळगुळीत झालेली. रेघच न्हाय, तर मशीन घेणार काय?

"थेरडे, अंगठाबी तुझा फुकटचा!" म्हणाला, आणि आईच्या कानाखाली जाळ काढला. चष्मा उडून टेबलाखाली गेला. तलाठ्यानं आपलं पाय तेवढं बाजूला घेतलं. चावडी माणसांनी भरलेली व्हती.

सरकारनं जमिनीचे उतारे ब्लॉकचेनवर घालायचं काढलं व्हतं. तलाठ्यानंच सांगितलेलं, एकदा नोंद चढली की ती लई ठिकाणी एकदम जाती, मागनं कुणाला गुपचूप खोडता येत न्हाय. चांगलं हाय की! पण चढवायच्या आधी हरकती घ्यायच्या. त्याची नोटीस लावली पाटलाच्या दारात. तिथं आमच्या वस्तीतलं कोण जातंय?

आमची बारा गुंठे हाडकी. गावची मेलेली ढोरं ओढायच्या बदल्यात पणज्याला मिळालेली. तेव्हापास्नं आम्हीच कसतोय. उताऱ्यावर पाटलाचं नाव कधी घुसलं, आम्हाला पत्ता न्हाय. आता त्याला आईचा अंगठा पायजे व्हता. 'आमची हरकत न्हाय.' म्हणजे जमीन कायमची त्याची.

मी भिंतीला हुभी. बी.कॉम. झालेली, संकेश्वरात नोकरी करणारी. खोटं कशाला सांगू? भ्याले. लहानपणी पाटलाच्या घरासमोरनं आई मला चप्पल काढून न्यायची.

तो आईचा अंगठा टेबलाच्या कडेवर घासायला लागला. रेघा उठवतोय म्हणं! कातडं सोललं. रगत आलं. आई नुसतं म्हणाली, "सोडा, धनी."

धनी! मार खाऊन वर धनी! माझं डोस्कं फिरलं. धावले, त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्यानं तोंडावर बुक्की हाणली. दात पडला. तो मी टेबलावर थुंकले आणि तलाठ्याला त्याच्या सरकारी कानडीत सांगितलं, "तकरारु ऐती. बरकोरी." हरकत हाय, लिवून घ्या.

तलाठी पाटलाच्या पोराकडं बघायला लागला.

"त्याच्याकडं काय बघतायसा? खोडता येत न्हाय म्हणालता न्हवं? मग चढवायच्या आधी हरकत लिवा. ह्यानं आईला मारलं, तेबी लिवा."

मागनं आमच्या वस्तीतली एक म्हातारी वरडली, "लिव की रं!" मग दुसरी. तलाठ्यानं टाइप केलं. मी अक्षर न् अक्षर वाचलं, मगच सरकले.

पाटलाचा थोरला जाता जाता म्हणाला, "हाडकीसकट पेटवीन तुमाला."

पाटलाच्या सांगण्यावरनं आईचं वखारीतलं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. जमिनीचा निकाल अजून न्हाय. आम्ही हाडकीतच खोपाट घातलंय. उशाला कोयता असतोय. आईला परत कुणी हात लावला, तर तो हात मनगटापास्नं तोडीन. जेलात जाईन. हाडकी सोडणार न्हाय.